गालाचं हाड मोडलं, तर मानेचा सीटी स्कॅन कशाला?

पैसे उकळायला नाही. गाडीवरून पडून भावाच्या गालाचं हाड मोडलं अन् डॉक्टरांनी मानेचाही सीटी स्कॅन सांगितला, यात लूट आहे का असं तुम्ही विचारलंय. मी परभणी जिल्ह्यात एक्स-रे टेक्निशियन आहे आणि हाच आरोप आमच्या घरात अजून ऐकतोय, म्हणून लिहितो.

चेहऱ्याची हाडं १४. खालचा जबडा सोडला तर बाकी सगळी एकमेकांत घट्ट बसलेली. गालाचं हाड मोडण्याएवढा दणका गालातच जिरत नाही, डोकं मागं फेकलं जातं आणि ते झेलायला मानेचे ७ मणके. त्यातल्या दुसऱ्याला वर खुंटी असते, पहिला कड्यासारखा तिच्याभोवती फिरतो.

माझा चुलतभाऊ रात्री सेलूहून येताना गाडीला रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली. तोंडावरच पडला. मी पोचलो तेव्हा गाल सुजून डोळा झाकलेला, वरचा ओठ बधिर, तोंडात दोन बोटं जाईनात. गालाकडून कानाकडं जाणारी हाडाची कमान आत दबली की जबड्याचं टोक तिच्याखाली अडकतं आणि तोंड उघडत नाही, हे कळायला फोटो लागत नाही. लोक त्याला काखेत हात घालून उठवत होते, मोटारसायकलवर दोघांच्या मधी बसवून न्यायचं ठरलं होतं. मी मध्ये पडलो. डोकं दोन्ही हातांनी धरून खाली बसलो आणि १०८ ला फोन करायला लावला. तात्या, म्हणजे त्याचे वडील, ओरडले, "तोंड फुटलंय लेकराचं, अन् तू मान कामून धरून बसलास?"

दवाखान्यात एक्स-रेत खांद्याच्या सावलीमुळं सातवा मणका दिसेना, म्हणून सीटी. सातवा चांगला निघाला. तडा होता दुसऱ्याच्या खुंटीच्या बुडाशी, पण हाड जागचं हललं नव्हतं. तिथं हाड सरकून मज्जारज्जू दबला तर श्वासच थांबू शकतो, कारण श्वासपटलाच्या नसा त्याच्या खाली, तिसऱ्या ते पाचव्या मणक्याच्या पातळीवरून निघतात.

कॉलरवर हाड जुळलं. तात्या आजही पारावर सांगतात, "नुसत्या पट्ट्यानं बरं झालं, म्हणजे काही नव्हतंच. स्कॅनचे पैसे पाण्यात." तात्या, काही नव्हतं असं नाही. त्याला गाडीवर बसवून त्या खड्ड्यांतून नेलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशोब तुम्ही कधीच मांडला नाही.

आता हेही खरं, की पडलेल्या प्रत्येकाला स्कॅन लागत नाही. माणूस पूर्ण शुद्धीत आहे, प्यायलेला नाही, मानेवर मधोमध दाबलं तर दुखत नाही, हातापायाला मुंग्या किंवा कमजोरी नाही, तर डॉक्टर नुसतं तपासूनही मान मोकळी करतात. पण दुसरीकडं मोठी जखम ठणकत असेल तर मानेचं दुखणं जाणवतच नाही, आणि मोडलेला गाल ही तसलीच जखम. तुमच्या भावाच्या रिपोर्टात मानेबद्दल काय लिहिलंय ते डॉक्टरांकडून समजून घ्या, बिलाचं नंतर बघा.

आणि मान धरा म्हणजे माणूस उताणाच ठेवा असं नाही. तोंडात रक्त किंवा उलटी साचली तर डोकं, खांदे, कंबर एका रेषेत ठेवून तिघा-चौघांनी मिळून त्याला कुशीवर वळवायचं. श्वास आधी, मान नंतर.