‘इंजिन फारसं चाललंच नाही’ अशी जुनी प्लग-इन हायब्रीड घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा वर्षं जुनी प्लग-इन हायब्रीड (पेट्रोल इंजिन आणि प्लग लावून चार्ज करायची बॅटरी, दोन्ही असलेली गाडी) बघितली आहे, मीटरवर ६०,००० किलोमीटर. विकणारे म्हणतात, ‘मी जवळजवळ सगळी विजेवरच चालवली, इंजिन नव्यासारखं आहे.’ घ्यावी का, आणि घेतली तर पुढे काय सांभाळावं?

गृहस्थ खरंच बोलत असतील. पण ते जे कौतुकाने सांगताहेत, तिथूनच मी तपासणी सुरू करेन. कमी चाललं म्हणजे कमी झिजलं, हे पेट्रोल गाड्यांमुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. इथे गाडी ६०,००० किलोमीटर चालली आणि इंजिन चाललं नाही, म्हणजे तो भार दुसऱ्या कुणीतरी वाहिला. तो बॅटरीने वाहिला. आणि इंजिन नुसतं बसून राहिलं, त्याचे आजार आणखी निराळे.

माझ्याकडे अशीच गाडी सात वर्षं आहे, आणि गाड्यांच्या इलेक्ट्रिकल दुरुस्तीचं काम करत असल्यामुळे दुसऱ्यांच्याही बऱ्याच उघडून पाहिल्यात.

आधी बॅटरी. समजा ती १३ युनिटची आहे (युनिट म्हणजे वीजबिलातलंच) आणि एका चार्जमध्ये ४० किलोमीटर जाते. ६०,००० किलोमीटर विजेवर म्हणजे १,५०० वेळा भरली आणि रिकामी केली. ४०० किलोमीटर जाणाऱ्या पूर्ण इलेक्ट्रिक गाडीला तेवढंच अंतर कापायला १५० वेळा भरावं लागतं. दहापट फरक! शिवाय ओव्हरटेक करताना मोटर ६० किलोवॅट मागते, तेव्हा ६५ युनिटच्या मोठ्या बॅटरीला ते किरकोळ वाटतं. १३ युनिटच्या बॅटरीतून मात्र तिच्या क्षमतेच्या साडेचारपट वेगाने वीज ओढली जाते. लहान घोड्याला मोठी गाडी जुंपल्यासारखं आहे ते.

लगेच घाबरू नका. हे माहीत असल्यामुळेच कंपन्या या बॅटरीचा सगळा भाग वापरू देत नाहीत. वरचा आणि खालचा हिस्सा राखून ठेवतात. २०१० च्या अखेरीस आलेल्या पहिल्या शेवरोले व्होल्टची बॅटरी १६ युनिटची होती, पण चालकाला त्यातली साडेदहाच्या आसपासच वापरायला मिळायची. त्या गाड्यांच्या बॅटऱ्या दीर्घकाळ टिकल्या, त्यामागे हा कंजूषपणाही आहे. म्हणून माहितीपत्रकातला आकडा बघताना एकूण क्षमता कोणती आणि वापरता येणारी कोणती, हे वेगळं विचारायचं. विक्रेते बहुधा मोठा आकडा सांगतात.

तुमच्या गाडीची बॅटरी किती उरलीय हे कळायला सोपा उपाय आहे. विजेवरची रेंज संपेपर्यंत गाडी चालवा, मग रात्रभर चार्जिंगला लावा आणि प्लगपाशी युनिट मोजणारा साधा मीटर बसवा. चार्जरमध्ये आणि बॅटरी भरताना १० ते १५ टक्के वीज वाया जाते, तेवढी वजा करा. समजा नवी असताना वापरता येणारी क्षमता साडेदहा युनिट होती. म्हणजे तेव्हा प्लगमधून १२ च्या आसपास युनिटं गेली असती. आज ९ च गेली, तर साधारण चौथा हिस्सा गेला असं धरा. डॅशबोर्डवर दिसणाऱ्या रेंजवर जाऊ नका. मागच्या काही दिवसांत गाडी कशी चालवली त्यावरून केलेला तो अंदाज असतो. मालकाने आठवडाभर हळूहळू चालवली की आकडा आपोआप छान दिसतो. मोठी बॅटरी अनेक छोट्या सेलची बनलेली असते; जमल्यास स्कॅनर लावून प्रत्येक सेलचं व्होल्टेजही बघा. सगळे सेल सारखेच थकलेले असले तर चालतं. जोर लावताना एखादाच बाकीच्यांपेक्षा फार खाली जात असेल तर तो व्यवहार मी करणार नाही. बॅटरीची वॉरंटी पुष्कळ ठिकाणी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर असते. तुमची दोन वर्षं शिल्लक असू शकतात. ती नव्या मालकाच्या नावावर चालते का, हे कागदावर वाचा.

आता ते ‘नव्यासारखं’ इंजिन.

इंजिनला सर्वांत जास्त त्रास होतो थंड असताना सुरू होण्याचा, आणि त्याहून जास्त, सुरू होऊन गरम व्हायच्या आत बंद होण्याचा. या गाडीत नेमकं तेच घडतं. तुम्ही विजेवर निवांत चाललेले असता, चढावर पाय जोरात दाबता, झोपलेलं इंजिन धडपडत उठतं, तीन मिनिटं राबतं आणि परत झोपतं. थंड इंजिनात पेट्रोल जरा जास्त सोडलं जातं; त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. जळताना तयार झालेली पाण्याची वाफही तिथेच थिजते. इंजिन नीट तापलं असतं तर हे दोन्ही उडून गेलं असतं. तीन मिनिटांत ते होत नाही. म्हणून डिपस्टिक काढून बघा. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर तो या आजाराचा पुरावा. लोक पातळी कमी झाली का हे बघतात. इथे वाढली का ते बघायचं. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळसर साय दिसली तर ती ओलाव्याची. त्यामुळेच ऑइल किलोमीटरवर नाही, कॅलेंडरवर बदलायचं: वर्षातून एकदा, मीटर काहीही म्हणो. ‘इंजिन चाललंच नाही मग ऑइल कशाला’ असं म्हणून तीन-तीन वर्षं तेच ऑइल ठेवणारे मालक मी पाहिलेत.

पेट्रोलही शिळं होतं. हलका भाग उडून जातो, उरलेलं चिकट होतं, आणि इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतला ओलावा शोषतं. व्होल्टमध्ये यावर छान तोडगा होता: साधारण दीड महिना इंजिन लागलंच नाही तर गाडी ते स्वतःहून थोडा वेळ चालवायची, आणि टाकीतलं पेट्रोल सरासरी वर्षभर जुनं झालं की संपेपर्यंत जाळायची. मालक वैतागायचे, पण गाडीचं बरोबर होतं. सगळ्याच गाड्या एवढ्या शहाण्या नसतात. मी महिन्यातून एकदा मुद्दाम इंजिनवर ४०-५० किलोमीटर सलग जातो. जागेवर उभं राहून पाच मिनिटं घुर्र करण्याने काही साधत नाही, उलट वर सांगितलेला आजार वाढतो. आणि टाकी कायम पूर्ण भरून ठेवत नाही.

टाकीचीही एक गंमत आहे. साध्या गाडीत टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात साठते आणि इंजिन चालू झालं की ते ती ओढून जाळतं. इथे इंजिनच चालत नाही, म्हणून बऱ्याच मॉडेलांत टाकी हवाबंद, दाबाखाली ठेवलेली असते. पेट्रोल भरण्याआधी बटण दाबून थोडं थांबावं लागतं ते त्यासाठीच. त्यातला व्हॉल्व्ह अडकला किंवा झाकणाचं रबर कडक झालं की ‘चेक इंजिन’ दिवा लागतो, आणि लोक इंजिनात दोष शोधत बसतात. गाडी बघायला जाल तेव्हा ते बटण दाबून झाकण उघडतं का, एवढं तरी करून बघाच.

माझी स्वतःची गाडी रस्त्यात फक्त एकदा अडली, आणि कारण सांगायला लाज वाटावी इतकं क्षुल्लक होतं. तीन आठवडे उभी होती. मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली, टाकीत पेट्रोल, पण दारसुद्धा उघडेना. १२ व्होल्टची छोटी बॅटरी मेली होती. मोठ्या बॅटरीला बाकी गाडीशी जोडणारे स्विच या छोटीच्या विजेवर बंद होतात. ती गेली की घरात धान्याची कोठारं भरलेली आणि चावी हरवलेली, अशी अवस्था. तिला स्टार्टर फिरवावा लागत नसल्यामुळे ती मरायला टेकल्याची आधी काही कुरकुरही ऐकू येत नाही. चार-पाच वर्षांनी न विचारता बदलून टाका. ती डिकीत असेल तर वायू बाहेर सोडणारी नळी असलेला, कंपनीने सांगितलेलाच प्रकार बसवा.

ब्रेकचं थोडक्यात. वेग कमी करायचं बरंचसं काम मोटर करते, त्यामुळे पॅड झिजत नाहीत. पण डिस्क गंजतात आणि कॅलिपरच्या पिना अडकतात. मागच्या चाकांच्या डिस्क टॉर्च मारून बघा. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलायचं ते आहेच.

‘दोन यंत्रणा म्हणजे दुप्पट बिघाड’ हे मात्र सरसकट खरं नाही. ते कुठली रचना आहे यावर ठरतं. टोयोटा प्रियसच्या पठडीतल्या गाड्यांत इंजिन आणि दोन मोटरी एका ग्रहमालेसारख्या दातेरी चाकांच्या संचाने जोडलेल्या असतात. बदलायचे गिअर नाहीत, स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. साध्या गाडीपेक्षा मोडण्याजोगे भाग कमीच म्हणा ना. मित्सुबिशी आउटलँडरमध्ये इंजिन बहुतेक वेळ फक्त वीज तयार करतं, पुढे आणि मागे वेगळ्या मोटरी चाकं फिरवतात, आणि हायवेच्या वेगाला एक क्लच इंजिनला थेट पुढच्या चाकांशी जोडतो. तिसरा प्रकार फोक्सवॅगन गोल्फ जीटीईसारखा: नेहमीचं इंजिन, नेहमीचा ड्युअल-क्लच गिअरबॉक्स आणि मधे मोटर, शिवाय इंजिन तोडायला-जोडायला आणखी एक क्लच. चालवायला मजा याच्यात जास्त, पण सहा वर्षं जुनी घ्यायची तर मी पहिल्या दोनांकडे वळेन. तिसऱ्या प्रकारची असेल तर मंद ट्रॅफिकमध्ये इंजिन चालू होताना धक्का बसतो का ते बघा आणि गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं ते विचारा. ‘आयुष्यभर बदलायची गरज नाही’ यातलं आयुष्य कुणाचं, हे कधीच लिहिलेलं नसतं.

नेहमीच्या गॅरेजवाल्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: एसीचा कॉम्प्रेसर इथे मोठ्या बॅटरीच्या विजेवर चालतो, आणि त्याला वीज वाहू न देणारं खास ऑइल लागतं. एसीत गॅस भरताना साध्या गाडीचं ऑइल त्यात गेलं की इन्सुलेशन ढासळतं आणि बिघाडाचा दिवा लागून गाडी सुरू व्हायलाच नकार देते. एसीच्या गॅसमुळे गाडी बंद पडली यावर कुणाचा विश्वास बसत नाही. कूलंटचंही तसंच, इंजिनचं वेगळं, इलेक्ट्रॉनिक्सचं वेगळं, एकात दुसरं ओतू नये. आणि नारिंगी वायरींना, म्हणजे मोठ्या बॅटरीची जास्त व्होल्टेजची वीज नेणाऱ्या वायरींना, प्रशिक्षण नसलेल्या माणसाने हात लावायचा नाही.

चासी नंबर टाकून कंपनीकडे रिकॉल तपासा. २०२० मध्ये फोर्ड कुगा आणि बीएमडब्ल्यूच्या काही प्लग-इन गाड्या बॅटरीच्या सेलमध्ये बनवतानाच नको ते कण शिरल्यामुळे, आगीच्या धोक्यापायी परत बोलवाव्या लागल्या होत्या, आणि दुरुस्ती होईपर्यंत चार्ज करू नका असं मालकांना सांगितलं गेलं होतं. असं काम राहिलेलं नाही ना, हे बघा.

मायलेजच्या छापील आकड्याबद्दल एवढंच: २०२४ मध्ये युरोपियन कमिशनने रस्त्यावरच्या गाड्यांची माहिती तपासली, तेव्हा प्लग-इन हायब्रीडचं प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघालं. मोठं कारण म्हणजे लोक धरलं होतं तितक्या वेळा प्लग लावतच नाहीत. तुमच्या घरी रोज चार्जिंग होणार असेल तर हा आकडा तुमचा नाही.

तेव्हा गाडी एक रात्र मागा. मीटर लावून चार्ज करा, सकाळी थंड इंजिन सुरू करून हायवेला तासभर पिदडा, परत येऊन डिपस्टिक बघा. मालकांना विचारा, शेवटचं पेट्रोल कधी भरलं? त्यांना आठवायला वेळ लागला, तर टाकी रिकामी करण्याचा आणि ऑइल बदलण्याचा खर्च किमतीतून आधीच वजा करून बोलणी सुरू करा.