युटा बीचजवळच्या फ्रेंच रणगाडा दलाच्या स्मारकावर १ ऑगस्ट १९४४ ही तारीख का आहे? डी-डे, म्हणजे दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं तो दिवस, तो तर ६ जूनला झाला ना?

प्रश्न वाचून हसू आलं, कारण अगदी हाच प्रश्न मला तिथे उभं राहून पडला होता. तुमचं म्हणणं असं की फ्रान्सच्या नॉर्मंडीत समुद्रकिनारी हे स्मारक आहे, बाजूला जुन्या लष्करी गाड्या ठेवल्यात, आणि तारीख बघावी तर डी-डेनंतर जवळजवळ दोन महिन्यांची, मग उशिरा आलेल्यांचं स्मारक कशाला बांधलं?

मी काही वर्षं कामानिमित्त फ्रान्समध्ये रेन शहरात होतो. मूळचा नगरचा, त्यामुळे रणगाडे म्हणजे आमच्या घरचंच कार्य, शाळेची सहल टँक म्युझियमला गेली नाही असा नगरचा पोरगा सापडणार नाही. तर एका फेब्रुवारीत मित्राची गाडी घेऊन गेलो. युटा बीचचं मोठं म्युझियम आहे तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने काही किलोमीटर उत्तरेला गेलं की सॅं-मार्तां-द-वारव्हील गावाच्या वाळूच्या टेकड्या लागतात, तिथे हे आहे. होडीच्या नाळेसारखं पुढे आलेलं दगडी बांधकाम, त्यावर लोरेनचा दुहेरी आडव्या पट्ट्यांचा क्रूस (जर्मनांशी लढत राहिलेल्या द गॉलच्या फ्रेंचांची खूण), आणि गाड्यांमध्ये एक हाफ-ट्रॅक (पुढे चाकं, मागे पट्टे असलेली गाडी) आणि एक सहा चाकी एम-८ चिलखती गाडी. वारा असला की डोळ्यात वाळू जाते. माणूस एक नाही.

आता उत्तर. हे डी-डेचं स्मारक नाहीच. ६ जूनला फ्रेंच अगदीच नव्हते असं नाही, स्वोर्ड बीच नावाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर कीफर या अधिकाऱ्याचे १७७ फ्रेंच कमांडो उतरले होते, पण अख्खी फ्रेंच डिव्हिजन, स्वतःचे रणगाडे, तोफा, अँब्युलन्स, स्वयंपाकाच्या गाड्या सगळं घेऊन, नॉर्मंडीत पहिल्यांदा उतरली ती १ ऑगस्ट १९४४ पासून, या वाळूवर. जनरल लक्लेरची दुसरी चिलखती डिव्हिजन, फ्रेंच लोक तिला नुसतं 'दझियेम देबे' म्हणतात. सुमारे १४-१५ हजार माणसं आणि ४ हजारांवर गाड्या. बंदर नाही, धक्का नाही, सपाट बुडाची जहाजं ओहोटीला वाळूवर बसायची, पुढचं तोंड उघडायची आणि गाड्या खाली.

आणि उशीर म्हणाल तर तो उशीर नव्हताच. रणगाड्यांची डिव्हिजन ही किनारा जिंकायला आणत नाहीत, किनारा फुटला की पुढे पळायला आणतात. जून-जुलैभर दोस्त सैन्य नॉर्मंडीतल्या त्या झुडपांच्या बांधांमध्ये अडकून पडलं होतं, एकेका शेतासाठी मारामारी, तिथे आणखी हजारो गाड्या आणून ठेवायच्या कुठे. मग २५ जुलैला अमेरिकनांनी मोठा हल्ला चढवला, महिनाअखेर आव्रांशजवळ रस्ता मोकळा झाला, आणि अमेरिकन जनरल पॅटनची थर्ड आर्मी अधिकृतपणे मैदानात उतरली तो दिवस कोणता, तर १ ऑगस्ट! लक्लेरची डिव्हिजन याच पॅटनच्या हाताखाली होती. म्हणजे दार उघडलं त्याच दिवशी हे उंबऱ्यात हजर.

पण मला विचाराल तर त्या तारखेपेक्षा तिथल्या गाड्या नीट बघा. सगळ्या अमेरिकन. डिव्हिजनचे शेरमन रणगाडेही अमेरिकन, हाफ-ट्रॅक अमेरिकन, अंगावरचे कपडेसुद्धा बहुतेक अमेरिकन. स्वतःच्या देशात स्वतःच्या किनाऱ्यावर दुसऱ्याने दिलेल्या गाडीतून उतरायचं, यात काय वाटत असेल विचार करा. म्हणून त्यांनी काय केलं, गाड्यांना नावं दिली. आपल्याकडे ट्रकच्या कपाळावर 'आईचा आशीर्वाद' लिहितात ना, तसंच, फक्त इथे नावं लढायांची. पॅरिसला सगळ्यात आधी पोचलेले तीन शेरमन होते मोंमिराय, रोमिली आणि शांपोबेर, ही तिन्ही नेपोलियनच्या १८१४ च्या लढायांची नावं, तेव्हासुद्धा शत्रू फ्रान्सच्या आत घुसला होता. शिवाय प्रत्येक गाडीवर डिव्हिजनची खूण, निळ्या गोलात फ्रान्सचा नकाशा आणि त्यावर लोरेनचा क्रूस.

हाफ-ट्रॅकची गंमत तर वेगळीच. यातून पायदळ रणगाड्यांच्या मागे जायचं. डिव्हिजनच्या पायदळात चाड रेजिमेंटची (चाड ही आफ्रिकेतली तेव्हाची फ्रेंच वसाहत) ९ वी कंपनी होती तिला सगळे 'ला नुएवे' म्हणायचे, स्पॅनिशमध्ये, कारण तिच्यातल्या सुमारे १६० माणसांतले बहुतेक स्पॅनिश रिपब्लिकन, म्हणजे स्पेनच्या यादवी युद्धात हुकूमशहा फ्रँकोशी हरून देश सोडलेले. त्यांच्या हाफ-ट्रॅकची नावं त्याच युद्धातली, ग्वादालाहारा, तेरुएल, एब्रो, गेर्निका! २४ ऑगस्टला रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास कॅप्टन द्रोनच्या हाताखाली हीच टोळी पॅरिसच्या नगरपालिकेसमोर पोचली. म्हणजे पॅरिसच्या मध्यात आधी पोचलेल्या फ्रेंच गाड्या बनावटीने अमेरिकन, नावाने स्पॅनिश. आता यावर कुणाचा झेंडा लावायचा तुम्हीच ठरवा.

हे सगळे पॅरिसला पोचले तेसुद्धा सरळ नाही. १२ ऑगस्टला आलांसाँ सोडवलं, मग आर्जांतांजवळ थांबवून ठेवलं. दोस्त सैन्याचा सरसेनापती आयझेनहॉवर याला पॅरिस टाळून पुढे जायचं होतं, शहर घेतलं की लाखो लोकांना खायला घालायची जबाबदारी येते, पेट्रोल जातं. तिकडे पॅरिसात उठाव सुरू झालेला. लक्लेरने २१ तारखेला वरिष्ठ अमेरिकन जनरलला न विचारता एक छोटी तुकडी पॅरिसच्या दिशेने पाठवून दिली, त्यावरून भरपूर बोलणी खाल्ली, आणि २२ ला संध्याकाळी परवानगी आली. साधारण २०० किलोमीटर होतं. २५ ला जर्मन सेनापती फॉन शोल्टित्सने शरणागती दिली.

लक्लेर म्हणजे कोण हे न सांगता पुढे जाता येत नाही. खरं नाव फिलिप द ओतक्लोक, सरदार घराण्यातला, १९४० मध्ये फ्रान्स हरल्यावर जर्मनांच्या हातून निसटून लंडनला, तिथून लढा चालू ठेवणाऱ्या जनरल द गॉलकडे गेला आणि मागे राहिलेल्या बायकामुलांना त्रास नको म्हणून लक्लेर हे नाव घेतलं, हे आपल्या देशपांडे-कुलकर्णींसारखं गल्लोगल्ली सापडणारं आडनाव. मग कॅमेरूनला होड्यांतून जाऊन उतरला आणि समोरच्यांवर छाप पडावी म्हणून स्वतःच स्वतःला कर्नल करून घेतलं (हे खरं आहे, माझी बडबड नाही). मार्च १९४१ ला लिबियाच्या वाळवंटात कुफ्रा जिंकल्यावर माणसांकडून शपथ घेतली की स्ट्रासबुर्गच्या चर्चवर आपला झेंडा लागेपर्यंत शस्त्रं खाली ठेवायची नाहीत. तेव्हा त्याच्याकडे होते थोडे ट्रक आणि काही शे लोक, स्ट्रासबुर्ग हजारो किलोमीटर दूर. २३ नोव्हेंबर १९४४ ला तिथे झेंडा लागला. म्हणूनच वारव्हीलपासून स्ट्रासबुर्गपर्यंत या डिव्हिजनच्या वाटेवर गावोगावी खुणेचे दगड लावलेत, गाडीने जाताना दिसत राहतात. हा गृहस्थ १९४७ ला अल्जीरियात विमान अपघातात गेला, आणि फ्रान्सच्या आजच्या रणगाड्याचं नावही लक्लेरच आहे.

एक गोष्ट मात्र तिथे उभं राहून खटकते आणि ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. कुफ्रा जिंकणाऱ्या आणि तिथून पुढे त्रिपोलीपर्यंत वाळवंट तुडवणाऱ्या त्या सैन्यात मोठ्या संख्येने चाड, कॅमेरून आणि आसपासचे काळे आफ्रिकन सैनिक होते. १९४३ ला मोरोक्कोत अमेरिकन पद्धतीने ही चिलखती डिव्हिजन बांधताना त्यांना बाजूला काढलं गेलं, आणि पुढे पॅरिसमध्ये जाणारी फ्रेंच डिव्हिजन गोरी असावी असं अमेरिकन-ब्रिटिश वरिष्ठांना हवं होतं हे त्यांच्याच १९४४ च्या कागदांत आहे. रेजिमेंटचं नाव चाडचं राहिलं, माणसं राहिली नाहीत. आपल्याकडचेही किती जण त्याच युद्धात इटलीत, आफ्रिकेत जाऊन लढले, तेव्हा हे वाचून आपल्याला जरा जास्तच लागतं, निदान मला तरी लागलं.

आणि अँब्युलन्सवाल्या बायका! फ्लोरन्स कॉनराड नावाच्या श्रीमंत अमेरिकन बाईने न्यूयॉर्कमध्ये अँब्युलन्स गाड्या मिळवल्या, त्या चालवायला फ्रेंच मुली गोळा केल्या, पथकाचं नाव रोशांबो म्हणून या 'रोशांबेल'. लक्लेरला गाड्या हव्या होत्या, बायका नको होत्या. बाई म्हणाल्या दोन्ही एकत्रच मिळतील. मग म्हणे फक्त पॅरिसपर्यंत, आणि पॅरिसनंतर सोडायचं नाव नाही, शेवटपर्यंत ठेवल्या. त्या पण याच किनाऱ्यावर उतरल्या.

जाणार असाल तर पॅरिसहून शेरबूरच्या रेल्वेने कारांतांला उतरा आणि तिथून गाडी भाड्याने घ्या, स्मारकापर्यंत बसच्या भरवशावर राहू नका. आधी सॅंत-मेर-एग्लीझला थांबा, चर्चच्या छपराला लटकलेला पॅराशूटवाला बाहुला बघा आणि तिथेच काहीतरी खाऊन घ्या, कारण मी गेलो तेव्हा स्मारकापाशी टपरी वगैरे काहीच नव्हतं. आणि कानटोपी न्या, उन्हाळा असला तरी.