नऊच्या फोनमधून ते मशीन काढ

पत्र : बाबा ७४ वर्षांचे, इंदूरला स्नेहलतागंजात एकटेच राहतात. आईला जाऊन तीन वर्षं झाली, गेल्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. मी बंगळुरूला. स्वयंपाकाला बाई, गोळ्यांचा डबा, मनगटावर स्मार्टवॉच, सगळं मी लावून दिलंय. रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉलवर त्यांना बीपी मोजायला लावते. मोजतानाच दिवसभराचं विचारून घेते, म्हणजे वेळ वाचतो. तेव्हा वरचा आकडा १६० येतो, डॉक्टरांकडे मात्र १३०. काही बोललं की चिडतात. दुपारभर कोपऱ्यावरच्या प्रेसवाल्याच्या ठेल्यापाशी बसतात. त्याने म्हणे स्टूलच ठेवलंय. बरं दिसतं का ते? भावाला तर कसलंच पडलेलं नाही. बाबांना इकडेच घेऊन येऊ का?
— काळजीत लेक

भावाचं राहू दे बाळ. मी अडकले ती तुझ्या ‘वेळ वाचतो’पाशी.

डॉक्टरला बघून बीपी चढलेली माणसं पुष्कळ असतात, घरी आली की उतरतं. तुझ्या बाबांचं लेकीसमोर चढतं. मशीन एकदा दवाखान्यात नेऊन ताडून बघायला सांग, पण माझा संशय मशीनवर नाही. दंडाला पट्टा आवळलेला, आणि पलीकडून तू : गोळी घेतली का? लोणचं खाल्लंत ना? आज पावलं एवढी कमी का? ते बिचारे उत्तरं देतायत आणि आकडा वर जातोय. अगं, पाच मिनिटं शांत बसायचं, मग मोजायचं, आणि मोजताना अवाक्षर काढायचं नाही, ही यातली पहिली पायरी. मेरीलँड विद्यापीठातल्या जेम्स लिंच यांनी वर्षानुवर्षं हेच तपासलं. माणूस बोलायला लागला की बीपी वर, दुसऱ्याचं मन लावून ऐकायला लागला की खाली. ज्यांना बीपीचा त्रास आहे, त्यांचं तर बोलताना जास्तच चढतं.

म्हणजे माणसाने गप्प बसावं असं नव्हे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये जाहीर केलं, की एकटेपणा आणि माणसांपासून तुटणं यांच्यामुळे हार्ट अटॅकचा आणि पक्षाघाताचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. तेव्हा त्या प्रेसवाल्यावर कसला राग काढतेस? ‘आओ काकाजी, बैठो’ म्हणणारं कुणीतरी तिथे आहे. होळकरांच्या टीमने रणजी चारदा जिंकली, सी. के. नायडू असे खेळायचे आणि तसे खेळायचे, हे असलं काहीतरी चालत असणार, मी पैज लावते. तू कधी ऐकलंयस त्यांच्याकडून? आणि बंगळुरूला नेऊन काय करशील? तू दिवसभर ऑफिसात. ते गॅलरीत उभे राहून कुणाशी बोलतील, वॉचमनशी? आणि कन्नडमधून? मुळीच आणू नकोस. उन्हाचं वाटत असेल तर त्यांना टोपी घ्यायला सांग.

आज रात्री नऊला फोन लाव. पट्टा नको, घड्याळातले आकडे नकोत, लॅपटॉप मिटलेला. “आज ठेल्यावर कोण कोण आलं होतं?” एवढंच विचार आणि मग तू गप्प. पहिले दोन-तीन दिवस ते “काही नाही, नेहमीचेच” म्हणतील; सवय मोडलीय ना. तरीही दुसरा प्रश्न टाकू नकोस, थांब.

गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही इकडची तिकडे करायची नाही, छातीत दुखलं तर वाट न बघता १०८. बीपी सकाळी, एकट्याने, न बोलता मोजायचं आणि वहीत लिहायचं. वही डॉक्टरांना दाखवायची. तुला नाही.