रेडिओ कंट्रोलच्या शिडाच्या बोटी क्लबमध्ये शर्यतीत उतरवायच्या आहेत. नवख्याने सुरुवात कशी करावी?

एक मीटर लांबीच्या आयओएम (इंटरनॅशनल वन मीटर) वर्गातल्या बोटीचा मोह सध्या आवरा. ६५ सेंटिमीटरची ड्रॅगनफोर्स ६५ पुरे. कामं दोनच: सुकाणू वळवणं आणि शीड ओढणं-सोडणं.

खरी पंचाईत वेगळीच आहे. बोट तुमच्याकडे तोंड करून येऊ लागली की डावं-उजवं उलटं होतं आणि अंगठा हमखास चुकतो. मनाने बोटीत बसून पुढे बघायचं, दुसरा उपाय नाही. उजव्या अंगाने वारा घेणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम आधी पाठ करा. तरी धडकलातच (धडकालच!), तर बाजूला होऊन एक गिरकी घ्या, तेवढ्यावर सहसा भागतं. बोट उगाच मंदावली तर शिडाला दोष देण्याआधी तळाशी शेवाळ अडकलंय का बघा.