दातांची तपासणी: टॅबवरची यादी की हाताने लिहिलेला केसपेपर?

तुम्ही विचारलंय की बीडीएस झाल्यावर विट्यात स्वतःचा दवाखाना सुरू करताय, तर तपासणीची नोंद टॅबवर टिक करत करावी की केसपेपरवर लिहावी. मी २००४ पासून सांगलीत प्रॅक्टिस करते. पहिली पंधरा वर्षं सगळं कागदावर होतं, त्यानंतर संगणक आला.

सॉफ्टवेअरच्या किमतीचं नंतर बघू, आधी एका पेशंटबद्दल सांगते. तासगावकडचे द्राक्षबागायतदार, दाढ ठणकते म्हणून आले होते. कार्डावर मी लिहिलं, ‘खालच्या डाव्या दाढेत खोल कीड, रूट कॅनाल सांगितले.’ दीड वर्षाने ते पुन्हा आले तेव्हा डाव्या गालाच्या आत, जिथे ते तंबाखू-चुना धरायचे तिथेच, पांढरा चट्टा होता. तो किती दिवसांचा, हे मला ठरवता येईना. मागच्या खेपेला गाल पाहिला होता आणि साफ होता, की दुखऱ्या दाढेच्या नादात पाहिलाच नव्हता? कार्ड माझंच, अक्षरही माझंच, पण गालाबद्दल त्यात एक शब्द नव्हता. बायोप्सीसाठी त्यांना मिरजेला पाठवलं. कर्करोग निघाला नाही, पण पेशींत बदल सुरू झाले होते. तंबाखू सुटली, चट्टा काढला, आज ते बरे आहेत. ते कोरं कार्ड मात्र मला अजून टोचतं.

म्हणून माझं मत यादीच्या बाजूचं आहे. ओठ, दोन्ही गाल, हिरडी आणि गालामधली खाच, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालची जागा, टाळू, मानेच्या गाठी: एवढं पाहिल्याशिवाय दाताकडे वळायचंच नाही. आपल्या भागात तंबाखू, मावा, मिश्री घरोघरी आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंडं काय सांगतात ते तुम्हाला पहिल्याच महिन्यात कळेल.

पण यादीतही तीच फसगत दुसऱ्या रूपात असते. मी घेतलेल्या पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन पेशंट उघडला की सगळ्या रकान्यांत ‘नॉर्मल’ आधीच भरलेलं असायचं, आपण फक्त दोष असेल तिथे बदलायचं. घाईच्या संध्याकाळी हे फार सोयीचं वाटतं. सहा महिन्यांनी जुन्या नोंदी चाळल्या, तर माव्याने आखडून ज्याचं तोंड दोन बोटंही उघडत नव्हतं अशा एका मुलाच्या नावापुढेही सगळं नॉर्मल! कोरं कार्ड निदान गप्प राहतं, हा रकाना तर खोटी साक्ष देत होता. त्या दिवशी मी ती सोय बंद करून घेतली. रकाना रिकामाच उघडला पाहिजे, आणि ‘पाहिलं, ठीक’ हे आपल्या हातानेच भरलं पाहिजे. मागच्या भेटीची नोंद जशीच्या तशी पुढे उतरवण्याचं बटणही तसलंच, ते वापरू नका.

तोंड किती उघडतं हे मात्र यादीत आकड्यानेच हवं. ‘कमी उघडते’ असं लिहून काही कळत नाही. वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. मार्चमध्ये ३४ आणि डिसेंबरमध्ये २९ दिसलं, की मावा खाणाऱ्या पोरालाही समजावून सांगावं लागत नाही.

मग लिहायचं काय? पेशंटचं बोलणं. ‘जळजळ: हो’ एवढ्या टिकने काही हाती लागत नाही. ‘दोन महिने चटणी-भाकरी बंद, दहीभातावर आहे’ हे त्यांच्याच शब्दांत लिहा. कोणता उपाय सांगितला, त्यांनी का नाकारला, पैसे जमेपर्यंत थांबतो म्हणाले का, हेही दोन ओळींत लिहा. पुढे वाद झाला तर याच ओळी कामी येतात. खाडाखोड करायची वेळ आलीच तर एक रेघ मारून शेजारी सही-तारीख टाका.

दातांच्या क्रमांकांकडे नीट लक्ष द्या. आपण कॉलेजात दोन अंकी पद्धत शिकलो, त्यात १८ म्हणजे वरची उजवी अक्कलदाढ. अमेरिकेत १ ते ३२ असे सलग आकडे देतात, तिथे १८ म्हणजे खालची डावी दुसरी दाढ. बाहेरचं सॉफ्टवेअर कधी कधी तीच पद्धत धरून उघडतं. दाढ काढायची चिठ्ठी अशा आकड्यावर गेली तर काय होईल, तुम्हीच विचार करा. मी आकड्यासोबत ‘वरची उजवी अक्कलदाढ’ असंही लिहिते.

ग्लोव्ह्ज घालून टॅबला हात लावायचा नाही. मी मोठ्याने बोलते, शेजारी मदतनीस ताई टॅबवर भरतात, शेवटी मी वाचून सही करते. मोठ्याने बोलल्याने पेशंटलाही कळतं की आपला गाल, जीभ सगळं पाहिलं गेलं.

कागदाचं म्हणाल तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागातला माझा तळमजल्यावरचा दवाखाना पाण्यात होता. पंधरा वर्षांच्या कार्डांचा लगदा झाला. टेबलाखालचा संगणकही गेलाच असता, म्हणून बॅकअप दवाखान्याबाहेर हवा.

तुमच्या जागी मी असते तर पहिलं वर्ष छापील कार्डानेच काढलं असतं: वर रिकाम्या चौकटींची यादी, खाली सहा कोऱ्या ओळी, आणि संध्याकाळी प्रत्येक कार्डाचा फोटो. यादीत काय कमी पडतं ते वर्षभरात कळेल, मग सॉफ्टवेअर घ्या. डेमो दाखवायला माणूस आला की नवा पेशंट उघडायला सांगा आणि रकाने रिकामे उघडतात का, ते आधी बघा.