लपवण्यासारखं काय आहे त्यात?

प्रश्न : ताई, आमच्या फॅमिली ग्रुपवर साठेक माणसं आहेत, त्यातली निम्मी मला धड माहीतही नाहीत. माझी नणंद माझ्या मुलाचे फोटो न विचारता तिथे टाकते, मग तेच कुणाच्या तरी स्टेटसला दिसतात, परवा तर शाळेच्या युनिफॉर्ममधला एक थेट फेसबुकवर सापडला. टाकू नका म्हटलं तर "लपवण्यासारखं काय आहे त्यात" म्हणून सगळे हसले, नवराही म्हणतो जाऊ दे ना. माझं स्वतःचं अकाउंट प्रायव्हेट आहे. मीच जास्त करतेय का?

उत्तर : नाही हो, अजिबात नाही. तुमचं अकाउंट प्रायव्हेट असून उपयोग होत नाहीये, खरी गोम तिथेच आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत म्हणजे वाटेत कंपनीलाही वाचता येत नाहीत, ठीक, पण पोचल्यावर काय? समोरच्याने स्क्रीनशॉट काढला की झालं, पुढे तो फोटो कुठे जाईल ते त्याच्या मर्जीवर.

निवडणूक प्रचारासाठी लोकांची माहिती वापरणाऱ्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका या कंपनीचं प्रकरण आठवतंय का? फेसबुकवर एक पर्सनॅलिटी टेस्टचं अ‍ॅप होतं, ते घेतलं साधारण २ लाख ७० हजार लोकांनी, आणि २०१८ मध्ये भानगड बाहेर आली तेव्हा फेसबुकनेच सांगितलं की ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली असेल. कारण तेव्हा अ‍ॅपला तुमच्याबरोबर तुमच्या फ्रेंड्सचीही माहिती उचलता यायची. म्हणजे ज्यांनी त्या टेस्टचं नावही ऐकलं नव्हतं तेही त्यात गेले, कुणीतरी टाइमपास म्हणून ओके दाबलं म्हणून. कॉन्टॅक्ट लिस्टचंही तेच, नंबर माझा आणि परमिशन देणार तुम्ही!

आणि ही तक्रार काही मोबाइल आल्यावर सुरू झालेली नाही. १८८८ मध्ये कोडॅकचा हातात धरून फोटो काढायचा कॅमेरा आला आणि १८९० मध्ये वॉरेन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकन वकिलांनी प्रायव्हसीच्या हक्कावर लेख लिहिला, त्यांनाही झटपट फोटो आणि पेपरवाल्यांचाच वैताग होता. (त्यांनाही कुणीतरी "जाऊ दे ना" म्हणालं असेल.)

लपवणं वेगळं आणि कुणाला काय दाखवायचं ते आपण ठरवणं वेगळं. नणंदबाई स्वतःचे ब्लड रिपोर्ट टाकतात का ग्रुपवर?

पण हे ग्रुपवर बोलू नका, तिथे बोललं की तमाशा होतो. बहीण नवऱ्याची आहे तर फोनही त्यालाच करू दे, आणि प्रायव्हसी वगैरे शब्द नकोतच, सरळ सांगायचं की युनिफॉर्मवर शाळेचं नाव वाचता येतं, मुलगा रोज कुठे असतो ते अनोळखी माणसाला कळतं, तेवढा फोटो काढून टाक. फेसबुकवाला काढत नसेल तर रिपोर्ट करा. फॉरवर्ड झालेले मात्र परत येणार नाहीत, ते सोडून द्या. आजीआजोबा, आत्या अशा पाचसहा जणांचा वेगळा छोटा ग्रुप काढून फोटो तुम्हीच पाठवत जा, नणंदेला खरं तर भाच्याचं कौतुकच करायचंय, तिचं ते होईल.

प्रश्न : आम्ही नुसतं बोललो तरी त्याच गोष्टीची जाहिरात दिसते. फोन ऐकतो ना?

उत्तर : हा प्रश्न दर महिन्याला येतो! अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१८ मध्ये १७ हजारांवर अँड्रॉइड अ‍ॅप्स तपासली, गुपचूप माइक चालू करून ऐकणारं एकही सापडलं नाही, काही अ‍ॅप्स स्क्रीनचं रेकॉर्डिंग बाहेर पाठवताना मात्र सापडली. ज्याच्याशी बोललात त्याने नंतर सर्च केलं असेल, एकाच वायफायवर असाल, तर जाहिरातवाल्यांना तेवढं पुरतं. तरी धाकधूक असेल तर सेटिंगमध्ये जाऊन कुणाकुणाला माइकची परमिशन दिलीय ते बघा, टॉर्चच्या अ‍ॅपला दिलेली निघाली तर मला कळवा.