पोटॅशियम चॅनेल शिकतेस? आधी एवढंच

अगो, चॅनेल म्हणजे पेशीच्या पडद्यातलं प्रथिन, ज्यातून आयन (विद्युतभार असलेले अणू) ये-जा करतात. त्याच्या डझनभर प्रकारांची नावं पाठ करत बसू नकोस. एकच धर: केसीएसए, एका जिवाणूतला पोटॅशियम चॅनेल. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली त्याची रचना दाखवली, २००३ मध्ये नोबेल मिळालं. चार सारखे भाग, मधून वाट.

नवशिके हमखास अडखळतात ते इथे:

- चॅनेल म्हणजे पंप नव्हे. पेशीत पोटॅशियम जास्त, म्हणून ते बहुधा आपसूक बाहेर जातं.
- फिल्टर, म्हणजे वाटेतला पोटॅशियम निवडणारा अरुंद भाग, हे जाळं नव्हे. जाळ्यातून मांदेली निसटते, पापलेट अडकतं, इथे उलट! सोडियम लहान, तरी अडतं. आत शिरताना आयन भोवतीचं पाणी सोडतो, त्याची जागा फिल्टरमधले ऑक्सिजन घेतात. ती मांडणी पोटॅशियमच्या मापाची. सोडियमला ती सोसत नाही.

व्होल्टेज, गेटिंग (चॅनेलचं उघडणं-मिटणं) नंतर. रत्नागिरीत नेट चालतंय तोवर पीडीबीवर (प्रथिनांच्या रचनांचा ऑनलाइन साठा) १के४सी ही केसीएसएची रचना उघड आणि फिल्टरमधल्या पोटॅशियमच्या जागा मोज.